निमोचा पोशाख : वाफयुगीन कल्पित, रचित छायाचित्र आणि म्हैसूर

१

वाफेचे युग संपलेच नसते, विजेने आणि पेट्रोलने त्याची जागा घेतली नसती, तर जगाचे रूप कसे झाले असते, या कल्पनेभोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत एक साहित्यप्रकार आकाराला आला. त्याला ‘स्टीमपंक’ हे नाव अमेरिकन कादंबरीकार के. डब्ल्यू. जेटर याने १९८७ साली ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात काहीशा विनोदाने सुचविले आणि ते रूढ झाले. मराठीत त्यास ‘वाफयुगीन कल्पित’ म्हणता येईल. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स हे या प्रकाराचे पूर्वज मानले जातात. व्हर्न मराठी वाचकाला नवा नाही, भा. रा. भागवतांच्या रूपांतरांनी तो अनेक पिढ्यांच्या घरात पोहोचविला आहे.

हा प्रकार लवकरच पुस्तकाच्या पानाबाहेर पडला. पितळी नळ्या, दंतचक्रे, रिव्हेट मारलेले पत्रे, चामडी पट्टे, उंच टोपी आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा ही त्याची ओळखचिन्हे ठरली. ती कारखान्यात न बनविता हौशी कारागिरांनी स्वतःच्या हातांनी घडवावीत, असा या मंडळींचा आग्रह होता. २००९-१० मध्ये ऑक्सफर्ड येथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात अशा वस्तूंचे प्रदर्शन भरले, ही गोष्ट या आग्रहाला मिळालेल्या मान्यतेची निदर्शक आहे. तथापि अशा पोशाखांचे आणि वस्तूंचे खरे जीवन छायाचित्रातच असते. एकटी वस्तू हे केवळ खेळणे होय. ती अंगावर चढवून, पार्श्वभूमी उभारून, प्रकाश योजून टिपली म्हणजे तिच्याभोवती एक जग असल्याचा भास निर्माण होतो. या पद्धतीच्या छायाचित्राला ‘रचित छायाचित्र’ असे नाव देऊन पुढील विवेचन केले आहे.

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक अडचण उपस्थित होते. युरोपला वाफेचे युग हे आपले हरवलेले बालपण वाटू शकते. भारतात वाफेचे इंजिन आणि परकी सत्ता यांचा विस्तार एकाच काळात आणि बऱ्याच अंशी एकाच हेतूने झाला. त्या युगाच्या स्मरणरंजनात साम्राज्याचेही स्मरणरंजन मिसळलेले असते. मायकेल मूरकॉक याने ‘द वॉरलॉर्ड ऑफ द एअर’ या १९७१ च्या कादंबरीत हीच गोष्ट उघड केली. तीत १९७३ साल उजाडले तरी विमाननौकांच्या बळावर ब्रिटिश साम्राज्य टिकून आहे आणि हे चित्र सुखद नाही. मग भारतात कोणी पितळ, लाकूड, कापड घेऊन असा कल्पित भूतकाळ उभा करू लागला, तर तो कोणाचा भूतकाळ असेल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार म्हैसूरच्या संदर्भात केला आहे. म्हैसूरची निवड यादृच्छिक नाही. या साहित्यप्रकाराच्या सर्वांत गाजलेल्या नायकाचे नाते त्याच्या निर्मात्यानेच म्हैसूरशी जोडून ठेवले आहे.

२

तो नायक म्हणजे ‘नॉटिलस’ या पाणबुडीचा कप्तान निमो. १८७० साली ग्रंथरूपाने पूर्ण झालेल्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीत व्हर्नने त्याचे मूळ गुप्त ठेवले. निमो हा रशियनांनी कुटुंबाचा संहार केलेला पोलिश सरदार असावा, ही व्हर्नची पहिली कल्पना होती. रशियातील वाचक दुरावतील या भयाने प्रकाशक एत्झेल याने तीस विरोध केला. त्या कादंबरीत एक सूचक प्रसंग मात्र आहे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याचे प्राण निमो वाचवितो, त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो, आणि आपणही त्याच्याच पीडित भूमीचे असल्याचे नंतर सांगतो.

या सूचनेचा उलगडा ‘रहस्यमय बेट’ या १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीत होतो. निमो हा बुंदेलखंडच्या एका राजाचा पुत्र, राजकुमार डक्कर. टिपू सुलतानाचा तो भाचा किंवा पुतण्या. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्या पराभवात पत्नी व मुले गमावलेला. इतिहासाच्या कसोटीवर हे नाते टिकत नाही. टिपूचा मृत्यू १७९९ साली श्रीरंगपट्टणला झाला आणि व्हर्नचा डक्कर १८५७ मध्ये ऐन उमेदीत आहे. शिवाय बुंदेलखंडचे राजघराणे आणि म्हैसूरचा सुलतान यांचा नातेसंबंध जुळविणे कठीण आहे. परंतु व्हर्नला येथे वंशावळ मांडावयाची नव्हती. ब्रिटिश सत्तेला यंत्राच्या बळावर आव्हान देणारा हिंदी पुरुष कल्पिताना फ्रेंच लेखकाला टिपूचेच नाव आठवावे, हे मात्र अर्थपूर्ण आहे.

याहून महत्त्वाची बाब निमोच्या पोशाखाची. निमोने जमिनीशी संबंध तोडला आहे, आणि हा त्याग त्याच्या वस्तूंतून दिसतो. त्याच्या नौकेवरील कापड शिंपल्यांच्या रेशमासारख्या तंतूंचे आहे, बिछाना सागरी गवताचा आहे, लेखणी देवमाशाच्या बॅलीनची, शाई माकळीच्या स्रावाची, आणि विडीदेखील समुद्री वनस्पतीची. साम्राज्याच्या बाजारातील एकही जिन्नस वापरावयाचा नाही, असे हे व्रत आहे. पुढे स्वदेशीच्या चळवळीने परक्या मालाच्या त्यागाला जो अर्थ दिला, त्याच्याशी या कल्पनेचे साम्य मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

आता या निमोचे दृश्यरूप काय झाले ते पाहावे. १९५४ च्या डिस्ने निर्मित चित्रपटात हार्पर गॉफ याने रचलेली लोखंडी, रिव्हेटांनी मढविलेली ‘नॉटिलस’ अवतरली आणि आजच्या वाफयुगीन दृश्यकल्पनेवर तिचा खोल ठसा उमटला. त्या नौकेचा कप्तान मात्र जेम्स मेसन हा इंग्रज नट होता. पोशाख युरोपीय, चेहरा युरोपीय. यंत्र राहिले, पण यंत्रामागचा सूड आणि त्याचे कारण गळून पडले. कादंबरीच्या पानावर जे नाते एका वाक्यात प्रस्थापित झाले होते, ते पडद्यावर एका पोशाखाने पुसले. कल्पित भूतकाळ कोणाचा, याचा निर्णय अशा कलेत संहितेपेक्षा पोशाख अधिक निर्णायकपणे करतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३

टिपूच्या म्हैसूरकडे वळल्यास असे आढळते की, वाफयुगीन कल्पिताला साजेशी एक वस्तू तेथे त्या युगाच्या आधीच तयार झाली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेला ‘टिपूचा वाघ’ अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात म्हैसूर राज्यात घडविला गेला. सुमारे १७८ सेंटिमीटर लांबीचा हा रंगविलेला लाकडी वाघ एका उताण्या पडलेल्या युरोपीय माणसाच्या नरड्याला झोंबलेला आहे. बाजूचा दांडा फिरविला की आतील भात्यांतून हवा सुटते, माणसाचा हात वरखाली होतो, त्याच्या कंठातून विव्हळणे आणि वाघाच्या तोंडून गुरगुरणे ऐकू येते. वाघाच्या कुशीतील झडप उघडली म्हणजे आत छोट्या ऑर्गनच्या पट्ट्या दिसतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ही वस्तू लुटीबरोबर इंग्लंडात गेली, १८०८ पासून कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लोकांस पाहावयास ठेवली गेली, आणि कवी कीट्सने आपल्या एका विनोदी काव्यात तिचा उल्लेख केला. निमोच्या नौकेतही एक ऑर्गन आहे आणि तो रात्री एकटाच वाजवीत बसतो. हा योगायोगच मानावा लागेल. परंतु वाचकाला मामा-भाच्यांच्या घरात एकच वाद्य सापडल्यासारखे वाटते.

या वाघाचे लक्षण असे की, त्यातील प्रत्येक भागाला काम आहे. हवा, आवाज, हाताची हालचाल आणि रंगवलेले पट्टे हे सर्व एकाच आशयाला वाहिलेले आहेत. वाफयुगीन हौशी वस्तूंवर जो एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो यावरून समजतो. जुन्या घड्याळाची चक्रे टोपीवर चिकटवली, परंतु ती कशालाच फिरवीत नाहीत. यंत्र अलंकार बनते. रचित छायाचित्रात यंत्र प्रत्यक्ष चालण्याची गरज नसते. मात्र ते चालले असते तर काय केले असते, आणि कोणाविरुद्ध किंवा कोणासाठी, एवढे पाहणाऱ्याला कळावे लागते.

वाघ गेला, तरी म्हैसूरचे यंत्राशी नाते तुटले नाही. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ साली सुमारे १४७ किलोमीटर दूरच्या कोलार सोन्याच्या खाणींना वीज पोहोचविण्यात आली. १९७९ मध्ये म्हैसूरला रेल्वेचे संग्रहालय स्थापन झाले. तेथे राजघराण्याचा जुना डबा आणि वाफेची इंजिने पाहावयास मिळतात. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, म्हैसूरच्या वाफ-विजेच्या इतिहासात पराभूत सुलतान, मांडलिक राजा, इंग्रज रेसिडेंट, परदेशी आणि देशी अभियंते, खाणकामगार असे परस्परविरोधी हितसंबंध एकत्र नांदतात. त्यातले कोण चित्रात घ्यावयाचे, ही निवड केवळ रुचीची राहत नाही.

४

अशा निवडीचा एक जुना नमुना म्हैसूरच्याच चित्रशाळेत आहे. जगन्मोहन राजवाडा १८६१ मध्ये बांधला गेला. १९१५ पासून तेथे चित्रसंग्रह आहे आणि त्यात राजा रविवर्मा यांची अनेक चित्रे आहेत. रविवर्मा हे म्हैसूर दरबाराला अपरिचित नव्हते. चामराजेंद्र वाडियार यांच्या काळात त्यांनी तेथे काम केले आणि आयुष्याच्या अखेरीस, १९०६ च्या सुमारास, नव्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रांची मालिका रंगविली. संग्रहातील १८८९ च्या सुमाराचे ‘गायिका-वादिकांचा मेळा’ हे चित्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या आणि समाजांच्या अकरा स्त्रिया एका दालनात बसल्या-उभ्या आहेत. मल्याळी वेशातील स्त्रीच्या हाती वीणा आहे, कोणी नऊवारीत आहे, कोणाचा पेहराव मुसलमानी, तर कोणाचा युरोपीय धाटणीचा. असा मेळा प्रत्यक्षात कोठेही जमला नव्हता. वेगवेगळे पोशाख एकत्र मांडून चित्रकाराने एक देश रचला आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी चौदा पौराणिक चित्रे रंगविण्यापूर्वी देवतांना कोणते वस्त्र शोभेल हे शोधण्यासाठी रविवर्मा बंधूंनी उत्तरेत प्रवास केला, हे प्रसिद्ध आहे. पौराणिक भूतकाळाचे वस्त्र हे असे संशोधनाने आणि निवडीने ठरले. पुढे घाटकोपरला १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या छापखान्याने ते घरोघरी नेले, आणि ते सनातन आहे असा समज दृढ झाला.

याच काळात दुसरी एक रचना चालू होती, आणि तिने आपण रचना असल्याचे मुळीच मान्य केले नाही. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचे प्रकाशन १८६८ ते १८७५ या काळात झाले. त्यात हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे वर्णनांसह देण्यात आली. १८६९ मध्ये जे. एच. लॅम्प्रे याने मनुष्यदेहाची मापे तुलनेला सोयीची व्हावीत म्हणून एक लाकडी चौकट सुचविली. तीत दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणून चौकोन पाडलेले असत, आणि त्यापुढे माणसाला उभे करीत. पडदा, उभे राहण्याची रीत, हाती दिलेली वस्तू, काढून घेतलेले कपडे, सर्व काही छायाचित्रकाराने ठरवावयाचे. आणि परिणामाला मात्र शास्त्र म्हणावयाचे. म्हैसूर संस्थानातही नंजुंडय्या आणि अनंतकृष्ण अय्यर यांचे ‘द मायसोर ट्राइब्ज अँड कास्ट्स’ हे चार खंड १९२८ ते १९३५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतील माहितीचे मोल आजही आहे. परंतु माणसाला आपल्या जातीचा नमुना म्हणून उभे करण्याची दृष्टी त्या खंडांनीही पूर्वीच्या पाहण्यांकडून घेतली. वाफेचे युग हेच मापनाचेही युग होते, ही गोष्ट वाफयुगीन कल्पितात बहुधा विसरली जाते. इंजिनाचे आकर्षण राहते, मापपट्टी दिसत नाही.

५

ही मापपट्टी पुन्हा चित्रात आणण्याचे काम कर्नाटकातच झाले. बंगळूरच्या पुष्पमाला एन. आणि तेथेच राहणाऱ्या ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांनी २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ ही छायाचित्रमालिका पूर्ण केली. तीस वाफयुगीन कल्पित म्हणता येणार नाही. परंतु हाताने घडविलेल्या वस्तू, शिवलेले पोशाख आणि रंगविलेले पडदे यांच्या साह्याने भूतकाळ पुन्हा रचणारी, भारतातील सर्वांत विचारपूर्वक केलेली मालिका म्हणून तिचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. पुष्पमाला यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पकलेत झाले. छायाचित्राकडे त्या वस्तू घडविणाऱ्याच्या वाटेने आल्या, हे त्यांच्या कामात जाणवते. त्यापूर्वी १९९६ ते १९९८ मध्ये ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ या मुंबईत टिपलेल्या कृष्णधवल मालिकेत त्यांनी ‘हंटरवाली’च्या म्हणजे नादियाच्या धर्तीचा मुखवटा आणि पोशाख धारण केला होता.

‘नेटिव्ह विमेन’मध्ये दक्षिणेतील स्त्रियांच्या पूर्वप्रसिद्ध प्रतिमा निवडल्या गेल्या. रविवर्म्यांची चांदण्यातील स्त्री आणि तळ्यावरून परतणारी स्त्री, त्यांच्या छापखान्याची लक्ष्मी, विजापूरच्या लघुचित्रपरंपरेतील योगिनी, वेलांकणीची माता, मापनासाठी उभी केलेली तोडा स्त्री, चित्रपटातील नायिका, वृत्तपत्रात छापून आलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या स्त्रिया, अशी ती निवड आहे. प्रत्येक प्रतिमेत पुष्पमाला स्वतः ती स्त्री होऊन उभ्या राहिल्या. देवी, आदिवासी, गुन्हेगार आणि नटी या चौघींना एकाच अंगाने धारण केल्यामुळे ‘नमुना’ या कल्पनेचा पायाच डळमळतो. मालिकेचा एक भाग वंशशास्त्रीय छायाचित्रांच्या धर्तीवर आहे. त्यात हीच पात्रे चौकटींच्या पटापुढे आणली आहेत. म्हणजे लॅम्प्रेच्या चौकटीत देवीलाही उभे राहावे लागते. एरव्ही जिचे माप घेण्याची कल्पनाही कोणी करणार नाही, तिला मोजले की मोजण्याचे स्वरूप उघड होते.

या ठिकाणी हाताच्या कामाचे कार्य नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे. लक्ष्मीच्या चित्रात चार हात हवेत आणि नटीला दोनच आहेत. उरलेले दोन घडवावे लागतात. तैलचित्रात किंवा छापील चित्रात चारही हात सारख्याच रंगाने रंगविलेले असल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. छायाचित्रात जिवंत त्वचा आणि घडविलेला हात शेजारी येतात व सांधा दिसतो. पडद्याचेही तसेच आहे. पडद्यावर चित्रकाराने रंगविलेली सावली एका बाजूला पडते आणि दिव्याने पडलेली खरी सावली दुसरीकडे. दोन्ही जुळविणे हे स्टुडिओतील कौशल्य, आणि त्या पूर्णपणे कधीच न जुळणे हे छायाचित्राचे प्रामाण्य. पितळ प्रकाश परतवते, शिसवी लाकूड तो गिळते, पुठ्ठ्याला रंग दिला तरी त्याची कड पुठ्ठ्याचीच राहते. कॅमेरा वस्तूचे द्रव्य लपवीत नाही. म्हणून रचित छायाचित्रात हाताने घडविलेली वस्तू दोन गोष्टी एकदम सांगते: ‘मी अमुक आहे’ आणि ‘मला अमुक म्हणून घडविले आहे’. वसाहतकालीन छायाचित्राने पहिलीच गोष्ट सांगितली. दुसरी दाबून ठेवली.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. शिकलेल्या, शहरी कलावतीने तोडा स्त्रीचे रूप घेतले तरी मूळ छायाचित्रातील स्त्रीला वाचा मिळत नाही. तिची जागा पुन्हा दुसऱ्याच कोणी घेतली, असे म्हणता येईल. हा आक्षेप पूर्णपणे निरस्त होण्याजोगा नाही. एवढेच म्हणता येते की, येथे जागा घेणारी व्यक्ती आपण जागा घेतली आहे हे लपवीत नाही, आणि मापनाची चौकट स्वतःच्या देहावर ओढवून घेते. वाफयुगीन पोशाखात असे क्वचितच घडते. तेथे बहुधा प्रत्येकाला सेनापती किंवा संशोधक व्हावयाचे असते, मोजला जाणारा कोणालाच व्हावयाचे नसते.

६

‘नेटिव्ह विमेन’ मालिकेचा आणखी एक भाग निर्मितिप्रक्रियेची छायाचित्रे दाखवितो. पडदा रंगविणे, वेश चढविणे, दिवे लावणे हे सर्व प्रेक्षकापुढे येते. या कल्पनेचा पूर्वज मराठी अभ्यासकाला ओळखीचा आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि रविवर्म्यांच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ सार्वजनिक रीत्या दाखविला गेला. त्यातील तारामती म्हणजे साळुंके नावाचा तरुण, हे सर्वश्रुत आहे. राजवाडे, अरण्ये, अलंकार ही सर्व सृष्टी फाळक्यांच्या घरच्या कारखान्यात उभी राहिली. त्या काळच्या फिल्मला लाल रंगाची संवेदना जवळजवळ नव्हती. लाल वस्त्र पडद्यावर काळे दिसे. तेव्हा वेशाचा रंग डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा फिल्मला कसा दिसतो, हे ध्यानात घेऊन तो ठरवावा लागे. भूतकाळाचा रंगसुद्धा यंत्राशी तडजोड करूनच सिद्ध होई.

फाळक्यांनी ही सिद्धता लपविली नाही. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट केला; त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना आणि फिल्म तपासताना दिसतात. त्याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी मराठीत लेखमाला लिहिली. एका बाजूला पौराणिक चमत्कार आणि दुसऱ्या बाजूला त्या चमत्काराची कृती, अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसाने प्रेक्षकाला दिल्या. हेतू अर्थातच वेगळा होता. देशी माणसाला हे यंत्र आणि हा धंदा साधतो, हे फाळक्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यांच्या दृष्टीने कृती दाखविणे हा स्वदेशीचा पुरावा होता. पुष्पमाला-अर्नी यांना प्रतिमेची सत्ता उघड करावयाची होती. परंतु कृती दाखविल्याने प्रतिमेचे सामर्थ्य कमी होत नाही, उलट पाहणारा अधिक जागा होतो, हा विश्वास दोघांतही समान आहे. निमोने आपल्या पाहुण्याला कापड कशाचे, शाई कशाची हे एकेक करून सांगितले, त्यामागेही हीच वृत्ती आहे.

७

वरील विवेचनावरून वाफयुगीन रचित छायाचित्राच्या मूल्यमापनासाठी काही कसोट्या हाती येतात. पहिली द्रव्याची. म्हैसूरला शिसवी लाकडावरील जडावकामाची परंपरा आहे, चंदनाचे कोरीवकाम आहे, रेशीम आहे. बंगळूर-म्हैसूर मार्गावर चन्नपट्टणला लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी कातणारे कारागीर आहेत. या द्रव्यांतून घडलेली दुर्बीण किंवा वायुभाता पितळी नकलेहून वेगळा भूतकाळ सांगेल, कारण निमोच्या शिंपल्याच्या कापडाप्रमाणे तिची निष्ठा तिच्या द्रव्यात दिसेल. दुसरी कसोटी हाताची: वस्तू कोणी घडविली हे मालिकेत कोठेतरी दिसले पाहिजे, कारागिराला पडद्यामागे ठेवून केवळ नायकाला पुढे आणणे म्हणजे जुनीच रीत होय. तिसरी यंत्राच्या कार्याची: दंतचक्र कशाला फिरविते याचे उत्तर टिपूच्या वाघाने दिले आहे. चौथी आणि सर्वांत अवघड कसोटी देहाची: पोशाख कोणी घातला आणि चौकटीपुढे कोण उभे राहिले.

या कसोट्या केवळ छायाचित्रापुरत्या नाहीत. ऐतिहासिक कादंबरी, पौराणिक नाटक, विज्ञानकथा यांतही लेखक भूतकाळाला वेश चढवीत असतो. शब्दांचा सांधा मात्र कॅमेऱ्यात दिसावा तसा सहज दिसत नाही. वाचकाला तो दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. व्हर्नने एका वाक्यात लिहिलेले म्हैसूरचे नाते चित्रपटातील एका पोशाखाने पुसले गेले. ते पुन्हा लिहावयाचे असेल तर ‘निमो हिंदी होता’ एवढी माहिती पुरेशी होणार नाही. त्याचा अंगरखा शिवावा लागेल, त्याचे कापड निवडावे लागेल, आणि शिवण उघडी ठेवावी लागेल.